वरच्याचं इंग्रजी, खालच्याचा उशीर

४ मार्च

वरच्या,

पोचलास का? तुझ्या मुलाने माझ्या मुलीला कळवलं म्हणे, की वडील सुखरूप पोचले. पण तो तसं कळवणारच. तू स्वतःच्या हाताने लिहीपर्यंत मला काही ते खरं वाटायचं नाही. विमानात कान दुखले का? जेवण गरम होतं का? कमरेचा पट्टा गच्च बसला तर सोडवायचा कसा, हे आधी विचारून घे म्हणालो होतो. विचारलंस का?

शेजारी तुझ्या खोलीत जाऊन आलो. नळ बंद आहे. पण खिडकी तू नुसती लोटून गेलास, कडी लावलीच नव्हतीस. वारा आला असता, काच फुटली असती, आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडली असती तर? आता कडी लावली आहे. किल्ली माझ्या बनियनच्या खिशात असते, काळजी करू नकोस. मी करतो आहे तेवढी पुरे.

फोन मात्र करू नकोस. फोनमध्ये तुझा आवाज डब्यात माशी अडकल्यासारखा येतो. मी हं हं करतो आणि तुला वाटतं, याला कळलं. उभा जन्म लाकडाच्या वखारीत करवतीखाली गेला, कानांचं आता काय उरणार? एकाच करवतीची दोन टोकं: तू वर ओंडक्यावर उभा, तुला उजेड आणि वारा. मी खाली खड्ड्यात, डोळ्यांत भुसा आणि कानांत खरखर. तेव्हा पत्रच लिही. वखारीतल्यासारखं. तुझा हात झाला की माझा, माझा झाला की तुझा. मध्येच कुणी ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं, हे मुकादमाने पहिल्याच दिवशी कानफटात देऊन शिकवलं होतं, आठवतं ना?

उन्हाळा सरला की परत येतो म्हणाला होतास. जिन्याखालचा न्हावी म्हणतो, मुलाकडे गेलेली म्हातारी माणसं परत येत नसतात. त्याच्या तोंडी लागू नये, हे कळतं मला. तरी तू लिही.

तुझा,
खालचा

२७ मार्च

खालच्या,

पोचलो. कान दुखले नाहीत, जेवण गार होतं आणि पट्टा आपोआप सुटला. झालं समाधान? न्हाव्याला सांग, मी परत येईन तेव्हा पहिली दाढी त्याच्याकडेच करीन आणि पैसे तुझ्याकडून घे म्हणेन.

आता ऐक. मी शाळेत जातो. हसू नकोस. घराजवळ एक वाचनालय आहे, तिथे म्हाताऱ्यांना फुकट इंग्रजी शिकवतात. शिकवणारी बाई माझ्या नातीच्या वयाची. वर्गात सगळे माझ्यासारखेच, मुलांनी आणून ठेवलेले. कुणाला कुणाची भाषा येत नाही, त्यामुळे भांडणं होत नाहीत.

सध्या वेळेची वाक्यं चालू आहेत. इंग्रजीत वेळेबद्दल इतकं काही म्हणून ठेवलंय की ते म्हणण्यातच निम्मा दिवस जावा. बाईने घरचा अभ्यास दिलाय: शिकलेलं घरात कुणाला तरी शिकवा. आमच्या घरात इंग्रजी न येणारा मी एकटा! शिकवू कुणाला? मग तू आठवलास.

तर लिहून घे. टाइम फ्लाइज, म्हणजे वेळ उडून जाते. इन नो टाइम, म्हणजे बघता बघता. सागाचा ओंडका इन नो टाइम चिरून होत नाही, असं वाक्य मी केलं, बाईने पाठ थोपटली. किलिंग टाइम, म्हणजे काही काम नसताना वेळ घालवणं. आणि टेक युवर टाइम, म्हणजे सावकाश होऊ दे, घाई नाही. हे बाई मला तासातून दहादा म्हणते. माझं तोंड उघडतं, पण शब्द काही बाहेर पडत नाही. ती हात जोडून बसते आणि म्हणते, टेक युवर टाइम. असं आपल्याला उभ्या आयुष्यात कुणी म्हटलं होतं का रे? मुकादम तर नाहीच.

आता तुझा हात.

वरचा

१८ एप्रिल

वरच्या,

तुझी वाक्यं कागदावर लिहून फडताळाला चिकटवली. मुलगी आली होती, ती हसली. म्हणाली, "बाबा, आता कुठे मुलाखतीला जायचंय?" मी म्हटलं, "ज्याला जायचं होतं तो गेला, मी त्याचा अभ्यास करतोय."

टाइम फ्लाइज मला पटलं नाही. माझी वेळ उडत नाही. दुपारी ती खाटेच्या पायाशी येऊन बसते आणि उठता उठत नाही. किलिंग टाइमही नीट कळलं नाही. आपल्याकडे वेळ मारून नेतात, ती अडचणीत. दारात कुणी तगादा लावला की माणूस काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. तुझ्या इंग्रजीत मात्र काम नसलेला माणूस वेळ मारतो. म्हणजे तू रिकामा बसून असतोस असा अर्थ झाला. तिकडे तुला खरंच काही काम नाही का? सकाळपासून करतोस काय? सून बोलते का नीट? तू पत्रात बाईचं लिहिलंस, वर्गाचं लिहिलंस, घरातल्या कुणाचं काहीच लिहिलं नाहीस. मी अंथरुणावर पडलो की हेच डोक्यात घोळतं.

तुझ्या खोलीत भिंतीला ओल धरली आहे, माझ्या बाजूच्या भिंतीला. तुझी खाट ओढून अलीकडे घेतली. गादीला ऊन दाखवलं. उन्हाळा अर्धा सरला. कधी येतोस?

खालचा

१२ मे

खालच्या,

तू खड्ड्यातून वर बघत नाहीस, पण ओंडक्याला चीर कुठे गेली हे तुला बरोबर कळतं. तर सांगतो.

सून चांगली आहे. सगळेच चांगले आहेत. सकाळी निघून जातात, संध्याकाळी येतात, थकलेले असतात. घरातलं लाकडी सामान खोक्यात चपटं होऊन येतं, चार खिळे ठोकले की टेबल. ते लाकूडही नाही रे, भुसाच डिंकात दाबलेला. तुझ्या डोळ्यांतला भुसा इथे टेबलं होऊन विकला जातो! एक नात आहे तेवढी. संध्याकाळी माझ्याजवळ बसून मराठी लिहायला शिकते. मी तिला काना-मात्रा देतो, ती मला उच्चार देते.

नवी वाक्यं दोन. फॉर द टाइम बीइंग, म्हणजे तूर्तास. मुलगा म्हणतो, "फॉर द टाइम बीइंग इथेच राहा." मी विचारलं, "हे तूर्तास संपतं कधी?" त्याने घड्याळ बघितलं. दुसरं, नाऊ ऑर नेव्हर, म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही. मी बाईला म्हटलं, हे जरा कडक आहे. ती हसून म्हणाली, मग हे घ्या: बेटर लेट दॅन नेव्हर. कधीच नाही त्यापेक्षा उशिरा का होईना. हे मला बेहद्द आवडलं. तुझी आठवण झाली. तू कामावर कधी वेळेत आलास?

आता कामाचं बोलतो. मला परत यायचं आहे. मला माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर, भिंतीपलीकडे तू खोकत असताना पडून राहायचं आहे. मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तिथे तुमच्याकडे बघणार कोण?" मी म्हटलं, "खालचा." तो हसला नाही. म्हणाला, "काकांनी तसं लिहून पाठवावं, मी तिकीट काढतो." वाईट नाही तो. घाबरतो.

तर तू एवढंच लिही: ये, मी आहे. मागे-पुढे काही लिहू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे. तीन शब्दांच्या जागी तीस काळज्या लिहिशील, आणि मुलगा त्या वाचेल.

तुझा हात.

वरचा

९ जून

वरच्या,

तुझं पत्र आल्यापासून मला धड जेवण जात नाही. तू ये. तू यावंस असं मला वाटत नाही असं समजू नकोस. पण लिहून द्यायचं म्हणजे जोखीम आली. मी नीट विचार केला आहे, तो सांगतो.

आपला जिना तू विसरलास. मधल्या वळणावरचा दिवा पुन्हा गेला आहे, तक्रार करून थकलो. तू पडलास तर? पडलास आणि मला हाक मारलीस तर? मला ऐकू येणार नाही. परवा मुलगी दारावर थापा मारत उभी होती आणि मी आत निवांत चहा पीत होतो. शेवटी तिने शेजारच्यांच्या गच्चीतून येऊन खिडकीवर चमचा वाजवला. चमचाही मला ऐकू आला नाही, तो दिसला! असा मी. तू भिंतीपलीकडे तडफडशील आणि मी इकडे घोरत असेन. मग तुझ्या मुलाला काय तोंड दाखवू? काका, तुम्ही लिहून दिलं होतंत, असं तो म्हणाला तर माझ्याकडे काय उत्तर आहे?

तुझी तब्येत खरी कशी आहे, हे तू लिहिलं नाहीस. मुलगा उगाच घाबरणार नाही. दम लागतो का? डॉक्टर काय म्हणाला? ते सगळं खरंखरं कळव. मग मी विचार करून तुला पाहिजे तसं लिहून देतो. घाई कशाला? तूच शिकवलंस, टेक युवर टाइम.

खालचा

२ नोव्हेंबर

वरच्या,

तुझं पत्र नाही. जून गेला, पावसाळा गेला. मी तुला तब्येतीचं विचारलं होतं, म्हणजे माझा हात झाला होता. तुझा राहिला. म्हणून मी थांबलो. रोज पोस्टमन खालून जाताना दिसला की मी जिन्यापर्यंत जायचो. तो मान हलवायचा. आता तो माझ्याकडे बघायचंच टाळतो. रागावलास का? की घरी काही झालं? मुलीला तुझ्या मुलाकडे विचारायला सांगणार होतो, मग वाटलं, वरच्याला कळलं तर म्हणेल, याने मध्येच ढकललं.

पण आता माझ्याने राहवत नाही. शिवाय सांगण्यासारखं घडलं आहे.

मी गवंडी बोलावला. आपल्या दोघांच्या मधल्या भिंतीला, तुझ्या उशाशी, एक भोक पाडून घेतलं. बोटभर रुंद. त्यातून दोरी ओढली. तीच आपली वखारीतली, ओंडक्यावर रेघ मारायची, गेरूने लाल झालेली. तिचं एक टोक तुझ्या खाटेला बांधलं आहे आणि दुसरं माझ्या मनगटाला. म्हणजे निजताना बांधायचं. हे इतकं साधं मला सुचायला एवढे महिने का लागले, देव जाणे. हाक ऐकू येत नाही, पण पलीकडून ओढलेलं मला कळणार नाही का? उभा जन्म दुसरं केलं काय मी? मुलीला तुझ्या खोलीत पाठवलं, मी डोळे मिटून पडलो, आणि तिने ओढल्याबरोबर ताडकन उठून बसलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही उठलात ते उठलात, वर 'हं' पण म्हणालात." वखारीत म्हणायचो तसं.

जिन्यात दिवा लावून घेतला. ओल खरवडून चुना दिला. खाट तिच्या जुन्या जागी आहे.

वेगळा कागद जोडला आहे. त्यावर तू सांगितलंस तेवढंच लिहिलं आहे. मागे-पुढे काही नाही. मुलाला तो दाखव, हे पत्र दाखवू नकोस.

उशीर झाला, ठाऊक आहे. पण बेटर लेट दॅन नेव्हर. बरोबर लिहिलं ना?

तुझा,
खालचा

(सोबतचा कागद)

ये. मी आहे.

२६ नोव्हेंबर

खालचे आजोबा,

मी वरच्या आजोबांची नात. मला मराठी लिहायला त्यांनी शिकवलं. काही चुकलं तर तुम्ही समजून घ्या.

आजोबा गेले. तुमचं पत्र आलं त्याच्या आधीच्या आठवड्यात. बाबा फोन करणार होते, पण आजोबा नेहमी सांगायचे, खालच्याला फोनवर ऐकू येत नाही, त्याला लिहूनच कळवायचं. म्हणून मी लिहिते आहे. हे माझं पहिलं खरं पत्र आहे. ते असं असेल, हे मला माहीत नव्हतं.

त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. उन्हाळ्यातच कळलं होतं. तुमचं जूनचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. चमच्याची गोष्ट वाचून ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मी म्हटलं, उत्तर लिहा ना. तर म्हणाले, "त्याचा हात अर्धाच झालाय. 'ये' म्हणाला, पुढचं म्हणाला नाही. खालचा ओढता ओढता मध्ये थांबला तर वरच्याने ओढायचं नसतं, पातं मोडतं. थांबायचं." मी म्हटलं, ते पण थांबले असतील तर? त्यावर म्हणाले, "तो उशीर करतो, पण सोडत नाही."

दवाखान्यात एक नर्स त्यांना चालवायची आणि म्हणायची, टेक युवर टाइम. एक दिवस त्यांनी तिला सांगितलं, "आय टेक टेक, नाऊ फिनिश." तिला कळलं नाही. मला कळलं. मी कागद आणि पेन दिलं. त्यांनी वर "खालच्या" एवढं लिहिलं. पेन बराच वेळ धरून ठेवलं. मग मला परत दिलं आणि म्हणाले, "नको. हात त्याचा आहे." तो कागद मी जपून ठेवला आहे. तुम्हाला हवा असेल तर पाठवते.

तुमचा छोटा कागद बाबांनी वाचला.  मग आईला म्हणाले, "मी कागद मागितलाच कशाला?" 

वर्गातल्या बाईंनी सांगितलं, आजोबांचं आवडतं वाक्य बेटर लेट दॅन नेव्हर होतं. तुमच्या पत्रातही तेच आहे. मला वाटलं, तुम्हाला हे सांगावं. बरं वाटेल.

तुमची,
नात

२० डिसेंबर

बाळ,

तुझ्या पत्रात चुका नाहीत. एक आहे, पण ती तुझी नाही. आमच्यात म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मरता मरता वाचलेल्या माणसाबद्दल म्हणतात. माझं उलटं झालं. वेळ माझ्या हातात होती, मी ती धरून बसलो, आणि काळ येऊन गेला. तेव्हा ते बेटर लेट दॅन नेव्हर मी फडताळावरून काढलं. बाईंना रागावू नका म्हणावं. ते गाडी चुकलेल्याला, शाळेत उशिरा पोचलेल्याला ठीक आहे. सगळ्यांना नाही. बाकीची वाक्यं राहू दिली आहेत, ती वरच्याच्या सांगण्यावरून लिहिलेली आहेत.

तुझ्या बाबांना सांग, कागद मागितला यात त्यांची चूक नाही. बाप दूर पाठवायचा तर मुलगा विचारणारच. तीन शब्द होते. ते मला लिहिता आले असते. मी जिन्याचं लिहिलं, दिव्याचं लिहिलं, चमच्याचं लिहिलं. त्याने आधीच बजावलं होतं, तरी लिहिलं. त्याला माझी सवय ठाऊक होती. मला मात्र त्याची ठाऊक नव्हती असं झालं. मला वाटलं, तो ओढील. तो नेहमी ओढायचा. मी खाली भुशात डोळे मिटून उभा असायचो आणि पातं आपसूक वर जायचं.

खोलीचं काय करायचं, हे बाबांना ठरवू दे. विकायची तर विका. किल्ली माझ्याकडे आहे, देईन. पण भोक बुजवायला मात्र सांगू नका. फार मोठं नाही, बोटभर आहे. विकत घेणाऱ्याला सांगेन की त्यातून वारा येत नाही, मी माझ्या बाजूने कापड लावलंय. दोरी अजून आहे. मुलगी म्हणते, आता तरी मनगटाची काढा, वळ पडतो. काढतो म्हणतो, आणि निजताना बांधतो. पलीकडे खाटेला गाठ तशीच आहे. तू कधी आलीस तर त्या खाटेवर बस आणि एकदा ओढून बघ. मी उठेन. "हं"ही म्हणेन बहुतेक.

"खालच्या" लिहिलेला तो कागद पाठव. टपालात हरवला तर? नको, पाठवू नकोस. तुझ्याजवळच असू दे. नाही, पाठवच. पाकीट जाड घे, पत्ता दोनदा लिही, एकदा वर आणि एकदा मागे.

आणि एक. तुझं उत्तर येईपर्यंत मी थांबणार नाही. हे पत्र पेटीत टाकून आलो की दुसरं लिहायला घेणार आहे. तुझा हात झाला की नाही, बघणार नाही. मुकादमाने शिकवलं ते खरं आहे, करवत ढकलायची नसते. पण ते समोर माणूस असेल तोवर. समोर कुणी नसलं की ओढायचंही आपणच आणि ढकलायचंही आपणच. पातं वाकेल. वाकू दे.

तुला वेळ मिळेल तेव्हा लिही. नाही, तसं नको. आत्ता लिही.

तुझा,
खालचा आजोबा